क्रिया किती वेळा घडली, हे चिनी भाषेत कसे सांगावे

चिनी भाषा शिकू लागल्यावर पहिल्या महिन्यातच कळते की या भाषेत वस्तू नुसत्या संख्येने मोजता येत नाहीत. तीन पुस्तके म्हणताना ‘सान१ शू१’ म्हणून चालत नाही. मध्ये ‘पन३’ हा मापक शब्द घालून ‘सान१ पन३ शू१’ असेच म्हणावे लागते. हे मराठी माणसाला फारसे जड जात नाही, कारण आपणही केळी फणीने, भाजी जुडीने आणि कागद ताव म्हणून मोजतो. खरी अडचण येते ती पुढच्या टप्प्यावर, जेव्हा वस्तूऐवजी क्रिया मोजायची असते: दोनदा गेलो, तीनदा वाचले, एकदा ओरडलो. तिथेही मापक शब्द लागतो, तो निवडण्याची रीत वेगळी असते आणि त्याची वाक्यातली जागा आपल्या सवयीच्या विरुद्ध असते.

माझी ही चूक एका कराराच्या निमित्ताने लक्षात आली. यंत्रांचे सुटे भाग पुरवणाऱ्या एका चिनी पुरवठादाराशी दुभाषी म्हणून मी बोलत होतो आणि ‘करार मी दोनदा वाचला आहे’ असे सांगताना ‘ल्यांग३ त्स्ह४’ हे शब्द वापरले. समोरच्या गृहस्थांनी लगेच विचारले की मग पूर्ण वाचून झाला का. मला वाटले, त्यांना माझ्या कामाबद्दल शंका आहे. प्रत्यक्षात माझ्या वाक्यातून एवढेच कळत होते की मी करार दोन प्रसंगी हातात घेऊन पाहिला. पहिल्या कलमापासून शेवटच्या कलमापर्यंत दोनदा वाचला, हे सांगायला ‘ल्यांग३ प्येन४’ हवे होते. नव्याने शिकणाऱ्यांचा हा गोंधळ टळावा, म्हणून मला ज्या क्रमाने हा विषय उलगडला त्या क्रमाने तो इथे मांडत आहे.

आधी लेखनपद्धतीविषयी. अक्षरानंतरचा आकडा हा त्या अक्षराचा स्वर दाखवतो: १ सपाट आणि उंच, २ चढता, ३ खाली जाऊन वर येणारा, ४ झटक्याने उतरणारा, आकडा नसेल तर उच्चार हलका आणि आखूड करावा. ‘त्स’ म्हणजे ‘चाक’ आणि ‘चूल’ यांतला दंत्य च, आणि ‘त्स्ह’ म्हणजे तोच च भरपूर श्वास सोडून उच्चारलेला. ‘फ’ हा ‘फळ’ मधला ओठ मिटून म्हटलेला फ, तर ‘फ़’ हा दात ओठाला लावून म्हटलेला. चिनी उच्चारांसाठी १९५८ साली स्वीकारलेल्या रोमन पद्धतीला पिनयिन म्हणतात. तिच्यात वेगळे असणारे काही ध्वनी देवनागरीत एकाच अक्षरात मिसळतात. विशेषतः च, छ आणि श यांच्यामागे प्रत्येकी दोन वेगळे चिनी ध्वनी आहेत. म्हणून इथला प्रत्येक शब्द शब्दकोशात एकदा पिनयिन आणि चित्राक्षरासह पाहून घ्यावा.

हाताशी काय असावे

• चित्राक्षर, पिनयिन आणि ध्वनिमुद्रित उच्चार तिन्ही दाखवणारा मोबाइलवरील शब्दकोश. मी प्लेको वापरतो.
• एक वही, जिच्या प्रत्येक पानावर तीन उभे रकाने आखलेले असतील: क्रियापद, मापक शब्द आणि पूर्ण वाक्य. मापक शब्द एकटा कधीही पाठ करू नये, तो ज्या क्रियापदाबरोबर येतो त्याच्यासकटच लिहावा.
• आपल्या पाठ्यपुस्तकातील एखादा छोटा संवाद, ध्वनिमुद्रणासह.

१. संख्येची जागा बदला

‘मी तीनदा वाचले’ या वाक्यात ‘तीनदा’ क्रियापदाच्या आधी येते. चिनीत क्रम उलटा आहे: आधी क्रियापद, त्याला चिकटून ‘ल’ किंवा ‘क्वो’ (क्रिया झाली, अनुभव आहे असे सांगणारे शब्द), मग संख्या आणि शेवटी मापक शब्द. ‘वो३ खान४ल सान१ प्येन४’ म्हणजे शब्दशः ‘मी वाचले तीन आवर्तने’. ‘वो३ सान१ प्येन४ खान४ल’ हे वाक्य मराठी मनाला अगदी सरळ वाटते आणि म्हणूनच पहिले सहा महिने ते तोंडातून निसटत राहते.

यात आणखी एक फसवी गोष्ट आहे. चिनी म्हणी आणि चार अक्षरी वाक्प्रचार पाठ करताना तुम्हाला संख्या क्रियापदाच्या आधी आलेली दिसेल, आणि तीही मापक शब्दाशिवाय. ‘सान१ कू४ माओ२ लू२’ म्हणजे गवताने शाकारलेल्या झोपडीला तीनदा दिलेली भेट. ल्यू पेइ या प्राचीन चिनी सरदाराने चू-क ल्यांग (झुगे लियांग) या मुत्सद्द्याला आपल्या बाजूला आणण्यासाठी त्याच्या घरी तीन खेपा घातल्या, त्या कथेवरून तो वाक्प्रचार आला. ‘पाय३ वन२ पू४ रू२ ई२ च्येन४’ म्हणजे एकदा पाहण्याची सर शंभरदा ऐकण्याला नाही. ही अभिजात चिनी भाषेची रीत आहे. क्रिया मोजणारे स्वतंत्र मापक शब्द इसवी सनाच्या तिसऱ्या ते सहाव्या शतकांच्या काळात भाषेत फोफावले आणि संख्येसह ते हळूहळू क्रियापदाच्या मागे जाऊन स्थिरावले. त्यामुळे म्हणी जरूर पाठ कराव्यात, पण त्यांच्या साच्यावर आपली वाक्ये बेतू नयेत.

दोन ठिकाणी मात्र आजच्या बोलीतही हा शब्दगट क्रियापदाच्या आधी येतो. पहिले ठिकाण क्रमवाचकाचे: ‘वो३ ती४ई१ त्स्ह४ लाय२ चोंग१क्वो२’, म्हणजे मी पहिल्यांदा चीनला येत आहे. ‘किती वेळा’ हे क्रियापदानंतर सांगायचे आणि ‘कितव्यांदा’ हे आधी, एवढे लक्षात ठेवले की पुरते. दुसरे ठिकाण ठाम नकाराचे: ‘वो३ ई२ त्स्ह४ ये३ मेइ२ छ्यू४क्वो’, म्हणजे मी एकदाही गेलेलो नाही.

संख्या दोन असेल तर ‘ल्यांग३’ वापरावे, ‘अर४’ नव्हे; पण ‘दुसऱ्यांदा’ म्हणताना ‘ती४अर४ त्स्ह४’ असेच म्हणतात.

२. तीन मुख्य शब्द पक्के करा: त्स्ह४, प्येन४ आणि थांग४

माझ्या मते नवशिक्याने आपला निम्मा वेळ या तिघांवरच घालवावा, कारण बाकीचे शब्द विशिष्ट क्रियापदांशी जोडलेले असतात आणि वाचता वाचता अंगवळणी पडतात, तर हे तीन शब्द दर वेळी अर्थ पाहून निवडावे लागतात.

‘त्स्ह४’ केवळ प्रसंग मोजतो. क्रिया पूर्ण झाली की अर्धवट राहिली, थोडा वेळ चालली की पुष्कळ, याबद्दल तो काहीच सांगत नाही. आपल्या ‘वेळा’ किंवा ‘दोनदा, तीनदा’ मधल्या ‘दा’ला तो सर्वात जवळचा आहे. शंका असेल तेव्हा हाच वापरावा. वाक्य व्याकरणदृष्ट्या बहुधा चुकणार नाही, फक्त अर्थाची धार बोथट होईल.

‘प्येन४’ आरंभापासून अखेरपर्यंतची पूर्ण आवृत्ती मोजतो. एखाद्या पोथीचे पारायण झाले असे आपण म्हणतो तेव्हा मधले अध्याय गाळलेले नाहीत हे त्यातच येते. ‘प्येन४’ मध्ये तीच हमी आहे, फक्त त्यात धार्मिक छटा नाही. म्हणून तो वाचणे, ऐकणे, लिहिणे, म्हणणे, मोजून पाहणे अशा, ज्यांना सुरुवात आणि शेवट असतो अशाच क्रियांबरोबर शोभतो. एखादा चित्रपट तुम्ही तीन वेळा लावला आणि तिन्ही वेळा मध्येच झोप लागली, तर ‘सान१ त्स्ह४’ खरे आहे आणि ‘सान१ प्येन४’ खोटे. ‘पेइचिंगला (बीजिंगला) दोन प्येन गेलो’ किंवा ‘त्याला तीन प्येन भेटलो’ असे मात्र म्हणता येत नाही, कारण जाण्याला आणि भेटण्याला पहिले पान आणि शेवटचे पान नसते.

‘थांग४’ जाऊन येणे मोजतो. मराठीत यासाठी ‘खेप’ हा नेमका शब्द आहे आणि तो आठवला की ‘थांग४’ चुकत नाही. ‘वो३ छ्यू४ल ई२ थांग४ यिन२हांग२’ म्हणजे मी बँकेत एक खेप घालून आलो. ‘फाओ३ ई२ थांग४’ या प्रयोगात धावपळीची, तसदीची छटा असते, आणि ‘पाय२ फाओ३ ल ई२ थांग४’ म्हणजे खेप फुकट गेली. सरकारी कचेरीतून अपुऱ्या कागदांमुळे परत यावे लागले की चिनी माणूस नेमके हेच वाक्य म्हणतो. येणे, जाणे, धावाधाव करणे, घरी परतणे यांच्यापलीकडच्या क्रियापदांबरोबर ‘थांग४’ सहसा येत नाही.

‘ह्वे२’ हा ‘त्स्ह४’चा बोलभाषेतला भाऊ आहे. घरगुती बोलण्यात तो पुष्कळ ऐकू येतो. अर्जात आणि अहवालात ‘त्स्ह४’ लिहावा.

३. कर्म कुठे ठेवायचे ते ठरवा

चिनीच्या एचएसके परीक्षेत, सहा पातळ्यांच्या रचनेत, तिसऱ्या पातळीपासून विस्कटलेले शब्द जुळवून वाक्य लिहायला सांगतात आणि तिथे या पायरीवर हमखास गुण जातात.

कर्म ही सामान्य वस्तू असेल तर ती मापक शब्दानंतर येते: ‘वो३ छ१क्वो ल्यांग३ त्स्ह४ खाओ३या१’, मी दोनदा भाजलेले बदक खाल्ले आहे. कर्म सर्वनाम असेल तर ते मापक शब्दाच्या आधी, क्रियापदाला लागून येते: ‘वो३ च्येन४क्वो था१ ल्यांग३ त्स्ह४’, मी त्याला दोनदा भेटलो आहे. या दुसऱ्या नियमात सवलत नाही. ‘च्येन४क्वो ल्यांग३ त्स्ह४ था१’ हे चूकच. स्थळाचे नाव मात्र दोन्हीकडे चालते, ‘छ्यू४क्वो ल्यांग३ त्स्ह४ पेइ३चिंग१’ आणि ‘छ्यू४क्वो पेइ३चिंग१ ल्यांग३ त्स्ह४’ ही दोन्ही वाक्ये तितकीच स्वाभाविक आहेत. व्यक्तीच्या नावालाही अशीच मोकळीक आहे.

यानंतरचा सापळा अधिक खोल आहे. चिनीतली बरीच क्रियापदे दोन अक्षरांची दिसतात, पण त्यांतले पहिले अक्षर क्रियापद आणि दुसरे त्याचे कर्म असते. ‘च्येन४म्येन४’ (भेटणे) म्हणजे शब्दशः ‘चेहरा पाहणे’. ‘शी३त्साओ३’ (आंघोळ करणे) आणि ‘छाओ३च्या४’ (भांडणे) हीही त्याच जातीची. मोजताना ही जोडी फोडावी लागते आणि संख्या मध्ये बसवावी लागते: ‘च्येन४क्वो ल्यांग३ त्स्ह४ म्येन४’, ‘छाओ३ल ई२ त्स्ह४ च्या४’. ‘च्येन४म्येन४क्वो ल्यांग३ त्स्ह४’ असे म्हटले तर अर्थ कळतो, पण कानाला ते लगेच परके वाटते. शब्दकोशात अशा क्रियापदांच्या पिनयिनमध्ये दोन अक्षरांच्या मध्ये बहुधा एक खूण असते; ती दिसली की वहीत क्रियापद फोडूनच लिहावे.

कर्म लांबलचक असेल तर ‘पा३’ची रचना वापरून ते क्रियापदाच्या आधी आणावे: ‘पा३ ख४वन२ तू२ सान१ प्येन४’, म्हणजे धडा तीनदा संपूर्ण वाचा. वर्गात शिक्षकांच्या तोंडून ही रचना सतत ऐकू येते.

४. ‘ई२श्या४’ची दोन कामे वेगळी ओळखा

‘श्या४’चे पहिले काम साधे मोजणीचे आहे, ठोका, फटका, धक्का अशा क्षणिक क्रिया तो मोजतो. ‘छ्याओ१ल सान१ श्या४ मन२’ म्हणजे दारावर तीनदा टकटक केली. ‘था१ ता३ल वो३ ल्यांग३ श्या४’ म्हणजे त्याने मला दोन फटके मारले.

दुसरे काम सौजन्याचे आहे आणि तिथे संख्या नेहमी एकच असते. ‘नी३ खान४ ई२श्या४’ याचे भाषांतर ‘एकदा बघ’ असे करू नये. ते आपले ‘जरा बघ’ आहे. ‘तंग३ ई२श्या४’ म्हणजे जरा थांबा. नुसते ‘तंग३’ म्हटले तर ‘थांब’ इतके कोरडे होते. आपल्या ‘जरा’मध्ये जशी वेळ कमी लागेल ही हमी आणि विनंतीचा मऊपणा एकत्र असतात, तसेच इथे असते. पेइचिंगकडच्या बोलण्यात तो ‘ई२श्यार४’ असा ऐकू येईल.

हीच छटा क्रियापदाची द्विरुक्ती करूनही आणता येते: ‘खान४ खान४’ किंवा ‘खान४ ई खान४’. मात्र दोन्ही उपाय एकत्र करू नयेत. ‘खान४ खान४ ई२श्या४’ ही चूक मी कित्येक मराठी विद्यार्थ्यांकडून ऐकली आहे, आणि तिचे कारण बहुधा हे की ‘जरा बघून बघून घे’ अशी भर घालायला मराठीत कुणाची हरकत नसते.

५. शरीराचे अवयव आणि हत्यारे मापक म्हणून वापरा

हा भाग मला सगळ्यात देखणा वाटतो. क्रिया ज्या अवयवाने किंवा हत्याराने घडते, तोच मापक शब्द होतो. लाथ मारणे पायाने होते, म्हणून ‘थी१ ई४ च्याओ३’, शब्दशः ‘लाथाडणे एक पाय’. नजर टाकणे डोळ्याने होते, म्हणून ‘खान४ ई४ येन३’. चावा घेणे तोंडाने, म्हणून ‘याओ३ ई४ खोउ३’. त्याच तोंडाने पाण्याचा घोट घेतात, म्हणून ‘ह१ ई४ खोउ३ श्वेइ३’. सुरीने एक काप दिला तर ‘छ्ये१ ई४ ताओ१’. कधी अवयवाऐवजी क्रियेतून निघालेली गोष्ट मोजली जाते: हाक मारली की आवाज निघतो, म्हणून ‘च्याओ४ ई४ शंग१’, मैदानाला धावत फेरी मारली की वर्तुळ पूर्ण होते, म्हणून ‘फाओ३ ई४ छुएन१’.

मराठीतही आपण एक लाथ मारतो, एक हाक मारतो, एक फेरी मारतो. फरक असा की आपल्याकडे अर्थाचा भार ‘लाथ’, ‘हाक’, ‘फेरी’ या नामांवर असतो आणि ‘मारणे’ हे क्रियापद सगळीकडे तेच राहते. चिनीत भार क्रियापदावर असतो, ते दर वेळी बदलते, आणि अवयव फक्त मोजणी करतो. म्हणून भाषांतर करताना ‘मारणे’साठी चिनी शब्द शोधू नये, आधी नेमकी कृती कोणती ते ठरवावे आणि मग ती कशाने केली ते जोडावे.

६. उरलेले चार शब्द त्यांच्या सोबत्यांसह शिका

‘त्वन४’ जेवणे मोजतो, आणि त्याचबरोबर ओरडा खाणे आणि मार खाणेही: ‘छ१ ई२ त्वन४ फ़ान४’ म्हणजे एक वेळचे जेवण, ‘मा४ल था१ ई२ त्वन४’ म्हणजे त्याला चांगलेच झापले. मराठीत ओरडा आणि मार दोन्ही ‘खातात’, त्यामुळे ही जोडी लक्षात ठेवायला आपल्याला आयतीच मदत मिळते.

‘छांग’ला दोन स्वर आहेत आणि चित्राक्षर एकच. चित्रपट, नाटक, सामना यांच्यासाठी तिसरा स्वर: ‘खान४ल ई४ छांग३ त्येन४यिंग३’. पाऊस, आजारपण, रडणे यांच्यासाठी दुसरा: ‘श्या४ल ई४ छांग२ यू३’, ‘पिंग४ल ई४ छांग२’, ‘खू१ल ई४ छांग२’. वाचताना चित्राक्षराकडे पाहून हा फरक कळत नाही, तो कानानेच शिकावा लागतो.

‘चन४’ अचानक सुरू होऊन थोड्या वेळात ओसरणारा आवेग मोजतो: वारा, टाळ्या, सर. ‘श्या४ल ई२ चन४ यू३’ म्हणजे पावसाची एक सर येऊन गेली, आणि ‘श्या४ल ई४ छांग२ यू३’ म्हणजे एक पाऊस पडून गेला. ज्यांनी श्रावण पाहिला आहे त्यांना हा भेद समजावून सांगावा लागत नाही.

‘फ़ान१’ वेळ आणि श्रम खर्चून केलेल्या कृतीसाठी येतो आणि लेखी भाषेत अधिक दिसतो. आकडेवारीचे भाषांतर करणाऱ्यांनी त्याचा एक खास उपयोग काळजीपूर्वक शिकावा: ‘फ़ान१ ई४ फ़ान१’ म्हणजे दुप्पट होणे. मग ‘फ़ान१ ल्यांग३ फ़ान१’ म्हणजे किती? तिप्पट नव्हे, चौपट. दुप्पट होऊन पुन्हा दुप्पट. १९८२ साली चिनी कम्युनिस्ट पक्षाच्या १२व्या राष्ट्रीय अधिवेशनात शतकअखेरपर्यंत औद्योगिक आणि शेती उत्पादनाचे वार्षिक एकूण मूल्य ‘फ़ान१ ल्यांग३ फ़ान१’ करण्याचे उद्दिष्ट ठेवले होते, ते चौपटीचे होते. कंपनीच्या अहवालात हा शब्द दिसला की आकडे पडताळल्याशिवाय पुढे जाऊ नये.

७. बोलण्याआधी तीन गोष्टी तपासा

पहिली, ‘एक’चा स्वर. मुळात तो ‘ई१’ आहे, पण चौथ्या स्वराच्या आधी तो ‘ई२’ होतो आणि बाकीच्या स्वरांच्या आधी ‘ई४’. म्हणून ‘ई२ त्स्ह४’, ‘ई२ प्येन४’, ‘ई२ थांग४’, परंतु ‘ई४ ह्वे२’, ‘ई४ खोउ३’, ‘ई४ शंग१’. क्रमवाचकात मात्र तो बदलत नाही: ‘ती४ई१ त्स्ह४’.

दुसरी, वाक्याच्या शेवटचा ‘ल’. ‘खान४ल सान१ प्येन४’ म्हणजे तीनदा वाचले आणि विषय संपला. ‘खान४ल सान१ प्येन४ ल’ म्हणजे आतापर्यंत तीनदा वाचून झाले, कदाचित अजून वाचणार आहे. बैठकीत कामाची प्रगती सांगताना या एका अक्षराने काम संपले की चालू आहे ते ठरते.

तिसरी, कालावधी. ‘दिवसातून तीन वेळा’ म्हणताना दिवस आधी आणि वेळा नंतर, हा क्रम मराठीसारखाच आहे, पण क्रियापद मध्ये शिरते: ‘ई४ थ्येन१ छ१ सान१ त्स्ह४’. औषध कसे घ्यावे हे डॉक्टर याच शब्दांत सांगतात.

८. एका वाक्यापासून सुरुवात करा

पहिल्या दिवसापासून उपयोगी पडेल असे वाक्य हे आहे: ‘छिंग३ नी३ त्साय४ श्वो१ ई२ प्येन४’, कृपया पुन्हा एकदा सांगा. यात ‘त्स्ह४’ऐवजी ‘प्येन४’ येतो, कारण तुम्ही समोरच्याला तेच बोलणे आरंभापासून अखेरपर्यंत परत म्हणण्याची विनंती करत असता. ते सांगितल्यावरही कळले नाही, तर तेच वाक्य ‘छिंग३ नी३ मान४ ई४त्येन३’, म्हणजे जरा सावकाश, असे जोडून पुन्हा म्हणावे, आणि उत्तरात ऐकू आलेले क्रियापद आणि मापक शब्द त्याच दिवशी वहीच्या पहिल्या दोन रकान्यांत उतरवून ठेवावेत.